टोमोचं गाणं

"बाबा, आजीला टोमोचं गाणं येतो!" सोफ्यावर पालथी पडून हातातला गेम खेळत असलेली उत्पला एकदम किंचाळली, आणि प्रमोद रामटेकेच्या मगमधला चहा त्याच्या मांडीवर सांडला. चांगलं भाजलं, पण तो ओरडला नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्याची माय, विमलाबाई, बुटांच्या बुटक्या कपाटावर बैठक मारून मेथी निवडत होती. खुर्चीवर बसून भाजी निवडणं म्हणजे तिच्या मते दवाखान्यात बसल्यासारखं. निवडताना ती गुणगुणत होती. नागपूरहून लंडनच्या ईलिंगला येऊन तिला पाच महिने होत आले होते आणि इतक्या दिवसांत तिच्या तोंडून हा पाळणा आला नव्हता, किंवा आला असेल तेव्हा पोरगी शाळेत असेल. आज नेमकं दोन्ही एका वेळी झालं. इकडे मायच्या तोंडात तो सूर, तिकडे पोरीच्या हातातल्या डबीत टोमो नावाचा दीपगृहातला पोरगा अंथरुणावर आडवा झालेला आणि तोच सूर वाजवत गेम सेव्ह होत असलेला. प्रमोदला वाटलं, आपल्याला कोणीतरी भर चौकात नाव घेऊन हाक मारली.

"काय म्हणून राहिली पोरगी?" मायनं विचारलं. "ती म्हणते, हे गाणं तिच्या गेममध्ये आहे," सीमा ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. नवऱ्याकडे बघत म्हणाली, हे प्रमोदनं पाहिलं. मायनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की प्रमोदनं मान फिरवली. "हाव, मंग! माझंच हाय ते. तुझ्या बापानं नेलं जपानी लोकायपाशी. अन् माझं नाव बी येते त्याच्यात, नाई का रे प्रमोद? अवं, मी तं विसरूनच गेली होती. मले दाखव नं बाप्पा एकखेप. तवा डोळे नव्हते. आता मोतीबिंदू काढून आली, आता समदं दिसते." उत्पला म्हणाली, "आजी, नाव शेवटी येतो. सगळं गेम फिनिश केल्यावर. मी फिनिश करते, सॅटरडेला दाखवते." झालं! रविवारी मायचं परतीचं विमान होतं. शनिवार ठरला. प्रमोद ओली पँट बदलायला वर गेला आणि पलंगाच्या कडेवर तसाच बसून राहिला.

पाळणा तिचा होता. तिचा म्हणजे तिनं रचलेला. शब्द तिचे, चालही तिची. कामठीत घरासमोरच्या ओसरीत ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, कडेला दोऱ्याचं रीळ, आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेली झोळीची दोरी. झोळीत प्रमोद. त्याचे वडील बबन कोळशाच्या वखारीत हमालीला. नाव ठेवायच्या दिवशी बाया पाळणा म्हणतात, पण त्या वर्षी भीमजयंतीला वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांचा पाळणा म्हणायचं ठरवलं आणि विमलानं आपला स्वतःचा रचला.

नीज भीमा, नीज राजा, दिवा बारीक होईल,
उद्या तुझ्या पाटीवर — आमचं नाव येईल.

'पाटीवर' म्हटलं की गाणं थांबायचं. का थांबायचं? तर तिथं बिडीला दोऱ्याचा वेढा बसायचा, गाठ पडायची आणि दोरा तोडायचा असायचा. हात अडकला की गळाही अडकायचा. दोरा तुटला की 'आमचं नाव येईल' सुटायचं, जरा घाईनं, पुढचं पान उचलत. पुढे बिड्या सुटल्या, माय शाळेत पोषण आहार शिजवायला लागली, तरी तो थांबा गाण्यातून गेला नाही. प्रमोदनं आपल्या पोरीला मांडीवर घेऊन म्हटलं तेव्हाही त्याचा श्वास तिथंच अडकला. ना बिडी, ना दोरा. पण अडकला.

खाली बॅगेत कागदांचा गठ्ठा होता. त्याची आठवण झाली आणि त्याला आपलंच हसू आलं. जपानी कंपनीला वयाची तिशी-पन्नाशी आली की ती आपलं चरित्र छापते, जाडजूड, कापडी बांधणीचं, न वाचण्यासाठी. टोमोचा गेम काढणाऱ्या हामानो कंपनीला यंदा, दोन हजार सहा साली, तीस वर्षं होत होती, आणि जुगारी मशीनचा धंदा करणारी एक बडी कंपनी तिला गिळायला जबडा उघडून बसली होती. म्हणजे चरित्र छापायचं आणि लगेच तिरडी बांधायची. क्रॉयडनची शाखा नाताळपर्यंत बंद. त्या शाखेत सगळ्यांत जुन्या माणसांपैकी प्रमोद, म्हणून चरित्राचं ओसाकाहून आलेलं इंग्रजी घासूनपुसून देण्याचा मान त्याचा. मान म्हणजे काय, तर शनिवार-रविवारची हमाली. बापाची वखारीतली, पोराची घरातली.

त्यानं सगळं वाचलं होतं. संस्थापक आणि अजूनही अध्यक्ष असलेला हामानो इचिझो जत्रेत कागदी जाळीनं मासे पकडायचा खेळ मांडायचा. मग मोठ्या दुकानांच्या गच्चीवर नाणं टाकून हलणारे घोडे. मग पडद्यावर ठिपक्यांनी खेळायचे खेळ. मग घरोघरच्या टीव्हीत शिरणं. मग लंडनच्या दक्षिणेला शाखा. वाचताना प्रमोदला पूर्वी कौतुकच वाटलं असतं. बारा वर्षं त्यानं इथं मन लावून काम केलं होतं. युरोपातले टीव्ही जपानच्या टीव्हीपेक्षा मंद. जपानचा गेम जसाच्या तसा आणला तर सगळी माणसं पेंगल्यासारखी चालायची, उड्या मारायच्या त्या पाण्यात मारल्यासारख्या. त्यांना पुन्हा जाग आणायची हे त्याचं काम. आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव काय? 'ऑरेंज'. जुन्या काळी प्रतिस्पर्ध्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून हामानोत खरी नावं छापत नसत, टोपणनावं छापत. ती रीत मुरली ती मुरलीच. कोणी 'बांगडा', कोणी 'आजोबा', नागपूरचा म्हणून हा संत्रं. खरं नाव एकट्या संस्थापकाचं. प्रमोदला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट मौज वाटायची. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुठला येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला संत्रं असणं सुखाचं वाटतं.

आणि मग ते टोमोच्या अंगाईचं पान. 'ही चाल अध्यक्षांच्या दिवंगत मातोश्री किकू हामानो यांची आहे. कोळ्यांच्या त्या गावात त्या ती गात. मधला प्रसिद्ध थांबा म्हणजे परतणारी लाट वळण्याआधी क्षणभर थबकते, तो क्षण.' लाट म्हणे! प्रमोद त्या वाक्यावर कितीदा तरी येऊन ठेचकाळला होता. दोऱ्याची लाट केली लेकांनी.

ओकाबे-सानचा यात दोष नव्हता, असं तो आठ वर्षं स्वतःला सांगत आला होता. ओकाबे म्हणजे 'बांगडा', संगीत करणारा, सदा चुरगळलेल्या शर्टातला माणूस. आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो क्रॉयडनला आला होता आणि प्रमोदच्या शेजारी बसायचा. टोमो झोपतो तेव्हाचं संगीत त्याला सुचत नव्हतं. उत्पला तेव्हा तान्ही होती, प्रमोदच्या डोळ्यांवर झोप आणि ओठांवर पाळणा, त्याचं त्यालाही कळायचं नाही. ओकाबेनं एकदा कानातले हेडफोन काढले आणि मान झुकवून विचारलं, "हे कोणी केलं?" प्रमोद म्हणाला, "माझ्या आईनं." खरं तेच सांगितलं होतं. ओकाबेनं पुन्हा गायला लावलं, पुन्हा, पुन्हा. थांब्यापाशी त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "हा ठेवतो."

मग कंपनीच्या वकील बाईंबरोबर ती मीटिंग. गाणं कोणाचं, कागद कुठे, परवानगी कुठे. प्रमोद तोंड उघडणार तेवढ्यात श्रीनिवास बोलला. श्रीनिवास म्हणजे त्याच्याबरोबरच हामानोत लागलेला, कोथरूडचा, गोड बोलणारा, अडल्यानडल्याला धावणारा माणूस. प्रमोदला ईलिंगचं हे घर त्यानंच शोधून दिलेलं. "ट्रॅडिशनल आहे," तो खुशाल म्हणाला. "महाराष्ट्रात घरोघरी म्हणतात. माझी आजीसुद्धा म्हणायची." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मीटिंग संपली. बाहेर आल्यावर श्रीनिवासनं डोळा मारला, "नाहीतर सहा महिने कागद नाचवले असते रे. बरं, शब्द काय आहेत?" आणि प्रमोद म्हणाला, "आठवत नाहीत."

पण खरी बोच ती नव्हती. खरी बोच अशी की मीटिंगमध्ये 'घरोघरी म्हणतात' हे शब्द ऐकताना त्याला बरं वाटलं होतं. बरं काय, छाती भरून आली होती! कामठीच्या ओसरीतला पाळणा श्रीनिवासच्या आजीच्या माजघरात गेला होता. जिथं त्याच्या मायला कोणी दारातून आत घेतलं नसतं, तिथं तिचं गाणं पाळण्यापर्यंत जाऊन बसलं होतं, खोटं का होईना. त्या क्षणी त्याला ती चोरी वाटलीच नाही, मानच वाटला. अरे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कोणी ठेवलं, आणि हलवाई उभा राहून टाळ्या वाजवत होता!

त्याच आनंदात त्यानं नागपूरला फोन केला. "माय, तुझं गाणं जपानी लोकांनी घेतलं." ती म्हणाली, "माझं नाव देतीन?" तो म्हणाला, "देतीन ना." बस्स, एवढंच. एवढ्यावर तिनं वस्ती गोळा केली. बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, शाल दिली, पंचशील झाल्यावर बायांनी तोच पाळणा म्हटला, भंतेजी दोन शब्द बोलले. शालीतला तिचा फोटो ईलिंगच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वरच होता. गेम बाहेर आला तेव्हा नावाच्या जागी 'पारंपरिक' होतं. मायला तेव्हा दिसत नव्हतं, विषय निघाला नाही. आता तीस वर्षांच्या निमित्तानं हातातल्या डबीसाठी तो पुन्हा काढला आणि 'पारंपरिक'सुद्धा गेलं. घरोघरचं होतं ते एकाच घरचं झालं, भलत्याच.

सोमवारी क्रॉयडनला व्हिसा ऑफिसबाहेरच्या रांगेला वळसा घालून तो ऑफिसात पोचला तेव्हा अर्ध्या टेबलांवर खोकी भरून ठेवलेली होती. श्रीनिवास आता शाखेचा मॅनेजर होता. बंद करण्यापुरता मॅनेजर. प्रमोद खुर्ची ओढून समोर बसला. "अंगाईचं पान चुकीचं आहे."

"स्पेलिंग?"

"नाही. गाणं माझ्या आईचं आहे."

श्रीनिवास हसला. कुत्सित हसला असता तर बरं झालं असतं. तो मायेनं हसला. "अरे लोकगीत ते. कोणा एकाच्या आईचं असतं का? माझी आजीपण म्हणायची."

"ती थाप होती, श्रीनिवास. तू लीगलला मारलेली."

"थाप?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "नाही रे, खरंच म्हणायची. अजून ऐकू येतं मला." आणि त्यानं चाल गुणगुणून दाखवली, डोळ्यांत हळवेपणा आणून. सलग. न थांबता.

"इथं थांबायचं असतं," प्रमोद म्हणाला. "कुठे?" "मध्ये. दोरा तोडायचा असतो." "कसला दोरा?" आठ वर्षांपूर्वीचा तो क्षण पुन्हा समोर येऊन उभा राहिला होता, आणि आता प्रमोदला त्याची भीती वाटली नाही, नुसता कंटाळा आला. "बिडीचा. माझी माय बिड्या वळायची. बाबासाहेबांचा पाळणा आहे तो, भीमजयंतीचा. शब्दही आठवतात मला. तेव्हाही आठवत होते."

श्रीनिवासचा आवाज खाली आला, कोणाच्या घरी मयत झाल्यावर येतो तसा. "ओह. ओके. सॉरी यार. म्हणजे मला माहीत होतं, पण... असो. मग तर मी म्हणेन, अजिबातच काढू नको हा विषय. उगाच पॉलिटिकल होईल. जपान्यांना काय कळणार आहे त्यातलं? आणि इथे येऊन आपण हे सगळं मागे टाकलंय ना?"

"आपण?" प्रमोद म्हणाला. "तू काय टाकलंस?"

"चिडू नको रे. कंपनीच चाललीये. कोण वाचणार आहे ते पुस्तक?"

"मग बदलू दे मला."

श्रीनिवासनं खांदे उडवले. "पाठवून बघ. माझी ना नाही."

प्रमोदनं पाठवलं. लाट काढली, दोरा घातला. विमलाबाई रामटेके, कामठी, असं लिहिलं. बटण त्यानं एका झटक्यात दाबलं, पुन्हा न वाचता. तेवढं त्याला अभिमानानं आठवत राहिलं. तीन-चार दिवस तो आशेवर जगला. ट्रेनमध्ये, क्लॅपहॅमला गाडी बदलताना, उत्पलाची शाळेची बॅग उचलताना, तो मनातल्या मनात मायला इंग्रजी पुस्तकातलं पान उघडून दाखवत होता. गेममध्ये नाही तर नाही, पुस्तकात तरी. शुक्रवारी ओसाकाहून उत्तर आलं. फार नम्र. आपल्या मातोश्रींना दीर्घायुष्य लाभो. आपल्या देशातही अशीच एक चाल आहे हा योगायोग किती सुंदर! अध्यक्षांना तो कळवला, त्यांना फार आनंद झाला. मजकूर मात्र त्यांनी स्वतः मान्य केलेला असल्यामुळे मूळचाच राहील. आपण फक्त इंग्रजी तपासावं. प्रमोदनं तपासलं. लाटेच्या वाक्यात एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो त्यानं बरोबर जागी नेला आणि पान परत पाठवलं.

"आज सांगून टाक त्यांना," शनिवारी सकाळी सीमा म्हणाली. ती मायची बॅग भरत होती. वस्तीत वाटायला चॉकलेटं, विहारासाठी भिंतीवरचं घड्याळ. "त्या काही मोडून पडणार नाहीत. आपल्यापेक्षा कणखर आहेत." प्रमोद म्हणाला, "सांगतो." त्याला सांगायचंच होतं. वाक्यंही जुळवली होती त्यानं. पण माय आंघोळ करून खाली आली ती निळी इरकल नेसून, विहारातली ती शाल खांद्यावर टाकून. जुलैत. नाव बघायला असं सजून येतं का कोणी! त्यानं जुळवलेली वाक्यं जागच्या जागी सुटली.

उत्पलानं डबीची वायर टीव्हीला जोडली. शेवटचं वादळ झालं, टोमोनं दिवा लावला, बोटी परत आल्या, आणि काळ्या पडद्यावर नावं खालून वर सरकू लागली. माय सोफ्याच्या अगदी कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून. "धीरानं जाऊन राहिली, बरं हाय," ती म्हणाली. बांगडा गेला. आजोबा गेले. संत्रं गेलं, "हा मी, माय," असं प्रमोद म्हणाला नाही. मग अंगाईची ओळ आली आणि तिच्याखाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत किकू हामानो. एका आईचं नाव होतं, तेवढं खरं.

"हे," प्रमोद म्हणाला. आवाज त्याचाच होता. बोट त्याचंच होतं, पडद्याकडे केलेलं. "हे तुझं."

माय पुढे झुकली. आणि प्रमोदला तेव्हा, त्या क्षणी, आठवलं, की पासपोर्टसाठी तिनं इंग्रजीत सही शिकून घेतली होती. अंगठा लावणार नाही म्हणून हटून बसली होती. शेजारच्या पोरीकडून महिनाभर घोटवून घेतली होती, आणि फोनवर त्याला कौतुकानं सांगितलं होतं, पयलं अक्षर सोपं हाय रे, दोन रेघा वरून येतात अन् खाली भेटतात. पडद्यावरच्या नावाच्या पहिल्या अक्षरात दोन रेघा खाली भेटत नव्हत्या. ओळ वर वर सरकत चालली होती आणि मायची नजर तिच्याबरोबर वर चालली होती, पार कडेपर्यंत.

"बाबा, पण तिथे तर लिहिलंय की—" उत्पला म्हणाली.

"गप गं," माय म्हणाली. पोरीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. "तुझा बाप दाखवून राहिला नं." मग प्रमोदकडे न बघता म्हणाली, "हाव. दिसलं. चांगलं मोठं लिहिलं हाय." तिनं शाल काढली, घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि ती बॅगेत न ठेवता सोफ्याच्या हातावर ठेवून आत गेली.

प्रमोदला वाटलं, जावं, पाय धरावेत, माय, मी खोटं बोललो म्हणावं. आणि वाटता वाटताच त्याला कळलं की ती वेळ तिनं त्याच्या हातातून काढून घेतली आहे. तिनं त्याला सोडवलं होतं. आता तो कबूल करून तिचं ते देणंही परत करणार होता की काय? आत नळ सुरू झाला. प्रवासात खायला धपाटे करायचे म्हणून ती मेथी धूत होती, आणि सवयीनं, बहुतेक तिच्याही नकळत, तिच्या गळ्यातून पाळणा आला. नीज भीमा, नीज राजा. दिवा बारीक झाला. 'उद्या तुझ्या पाटीवर'पर्यंत सूर आला आणि थांबला. प्रमोद कान देऊन उभा राहिला. दोरा तोडायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. नळ बंद झाला. पुढचं काही आलं नाही.

सोफ्यावर उत्पलानं नवा डाव मांडला होता. तिनं टोमोला अंथरुणावर निजवलं, गेम सेव्ह केला, आणि डबीतून उरलेली ओळ वाजली.